बँकॉकची ऑर्किड कर्जतला आणताना: संरक्षित झाडं-प्राण्यांच्या आयात-निर्यातीचे कागद, पायरीपायरीने

मुंबई विमानतळाच्या मालगोदामात, म्हणजे सहारच्या एअर कार्गोत, माझी पहिली पेटी उघडली तेव्हा आत बेचाळीस रोपं निघाली. कागदावर चाळीस होती. वरची दोन विक्रेत्याने प्रेमाने टाकलेली, वर्तमानपत्रात गुंडाळून, देठाला लाल लोकर बांधून.

"ताई, ही दोन कुठली?" क्वारंटाइनच्या मॅडमनी विचारलं.

मी बावळटासारखी हसून म्हणाले, "फ्री आलीयेत."

त्या फ्रीपायी अख्खी पेटी अडकली. खुलाशाचं पत्र, पुन्हा मोजणी, दोन रोपं नष्ट. उरलेली चाळीस चौथ्या दिवशी सुटली. मे महिना होता. घरी आणून उघडली तर नऊ रोपांच्या मुळ्या सुक्या पाचोळ्यासारख्या वाजत होत्या.

मी मुलुंडला राहते, गॅलरीत ऑर्किड लावते, आणि कर्जतला मावसभावाची छोटी नर्सरी आहे. त्यानंतर आम्ही तीन पेट्या आणल्या आणि तिन्ही सुखरूप सुटल्या. पहिल्या वेळी हे कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून इथे लिहितेय. उदाहरणं ऑर्किडची असली तरी पोपट, शिसवी पेटारा, सितार, काढ्याच्या मुळ्या, सगळ्यांची वाट थोड्याफार फरकाने हीच. पेटी हलायच्या आधी सगळे कागद तयार हवेत, आणि प्रत्येक कागदावर तेच नाव, तोच आकडा हवा. विमान उतरल्यावर 'करून घेऊ काहीतरी' चालत नाही. हे परवाने मागाहून काढून मिळतील असं धरून चालूच नका.

१. आधी लॅटिन नाव शोधा, मग पैसे पाठवा

'निळी वांडा', 'लेडीज स्लिपर', 'आफ्रिकन पोपट' ही बाजारातली नावं. कागदावर शास्त्रीय नाव लागतं. ते मिळालं की ते साइट्सच्या यादीत कुठे बसतं ते बघा. साइट्स म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार. १९७३ साली वॉशिंग्टनमध्ये तो झाला, १९७५ पासून लागू झाला, आणि १९७६ साली भारत त्यात आला. त्याची तीन परिशिष्टं आहेत:

- परिशिष्ट १: व्यापारासाठी जवळजवळ बंदच. पाठवणाऱ्या देशाचा निर्यात परवाना आणि आपल्याकडचा आयात परवाना, दोन्ही लागतात. लेडीज स्लिपर म्हणजे पॅफिओपेडिलम वंशाची सगळी ऑर्किड इथे. आफ्रिकन ग्रे पोपट २०१७ पासून इथे, आपलं तारा कासव २०१९ पासून.
- परिशिष्ट २: व्यापार चालतो, पण निर्यात परवान्यानिशी. उरलेली जवळजवळ सगळी ऑर्किड, बहुतेक निवडुंग, कोरफड सोडून बाकीच्या अ‍ॅलो, शिसवाचा डाल्बर्जिया वंश, रक्तचंदन.
- परिशिष्ट ३: एखाद्या देशाने आपल्यापुरती मदत मागून घातलेल्या जाती. नवख्याला फारशा भेटत नाहीत.

शोधायला 'स्पीशीज प्लस' हे संकेतस्थळ आहे, फुकट. तिथे नाव टाकलं की परिशिष्ट, तारीख आणि तळटीप दिसते. तळटीप वाचल्याशिवाय पान बंद करू नका. सगळी गंमत तिथेच असते. उदाहरणार्थ, लागवड केलेल्या परिशिष्ट २ मधल्या ऑर्किडची तोडलेली फुलं साइट्समधून वगळलेली आहेत. दादरच्या फुलबाजारात दिसणाऱ्या जांभळ्या डेंड्रोबियमच्या दांड्यांना म्हणूनच साइट्स परवाना लागत नाही. त्याच झाडाचं रोप आणलं की लागतो.

आणखी एक तळटीप आम्हाला फार उशिरा कळली. सिम्बिडियम, डेंड्रोबियम, फॅलेनॉप्सिस आणि वांडा यांचे लागवडीतले संकर काही अटींवर साइट्समधून सुटतात: फूल नसेल तर एका खोक्यात एकाच संकराची किमान वीस रोपं हवीत, सगळी सारखी दिसणारी, जंगलातून उपटल्याची खूण नसलेली. कॅटलियाच्या संकरांना ही सूट नाही. छंदाला पाच-पाच जाती आणणाऱ्याला तिचा काडीचा उपयोग नाही, आणि नर्सरीवाल्यांनीही तिच्या भरवशावर परवान्याशिवाय माल उचलू नये. इथल्या अधिकाऱ्यांकडून आधी लेखी विचारून घ्या. खोका उघडल्यावर वीस रोपं 'सारखी' आहेत का यावर वाद घालायची ती जागा नव्हे.

२. आपला कायदा वेगळा, तोही बघा

साइट्सने परवानगी दिली म्हणजे भारताने दिली असं नाही. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ आहे. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, सहा अनुसूच्यांच्या चार झाल्या. पहिल्या दोन प्राण्यांच्या, तिसरी वनस्पतींची, चौथी साइट्समधल्या जातींची. जुन्या लेखांत 'अनुसूची सहा' वगैरे वाचलंत तर तो लेख जुना समजा.

निळी वांडा, लाल वांडा, लेडीज स्लिपर, खासीतली घटपर्णी या आपल्या मातीतल्या वनस्पती या कायद्याने संरक्षित आहेत. त्या विकत घेण्याआधी विकणाऱ्याकडे परवाना आहे का, हे विचारा. मुंबईतल्या काही प्रदर्शनांत 'ईशान्येकडची आहे, दुर्मिळ आहे' असं सांगून रोपं खपवली जातात. दुर्मिळ हा शब्द ऐकला की मी हल्ली दोन पावलं मागे सरते.

तिसरी चाळणी डीजीएफटीची, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाची. तुमच्या मालाचा एचएस कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराचा सीमाशुल्कातला क्रमांक, तिथल्या यादीत मुक्त आहे, निर्बंधित आहे की प्रतिबंधित, ते बघा. निर्बंधित असेल तर परवाना काढल्याशिवाय पुढे जाऊच नका.

३. कुठल्या दारात काय मिळतं

मी पहिल्या वेळी सगळ्यांना सगळं विचारत फिरले. तसं करू नका.

- शिवडी, हाजी बंदर रोड: प्रादेशिक वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) केंद्र. झाडं-बियाणं आणायचा आयात परवाना इथला. अर्ज पीक्यूएमएस या ऑनलाइन प्रणालीवर करायचा. हा परवाना रोग-किडींसाठीचा असतो. साइट्सशी त्याचा संबंध नाही, आणि एक मिळाला म्हणजे दुसरा मिळाला असं होत नाही.
- वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो: २००७ साली स्थापन झालेली केंद्राची संस्था. तिच्या पाच विभागीय कार्यालयांपैकी पश्चिम विभागाचं मुंबईकडे आहे. सीमाशुल्कवाल्यांना वन्यजीवाची शंका आली की ते इथे विचारतात. साइट्सचे प्रश्न घेऊन जायचं दार हेच. नावाला घाबरू नका, आधी विचारायला येणाऱ्याशी नीट बोलतात.
- मुख्य वन्यजीव रक्षक: हे नागपूरला बसतात. जिवंत प्राणी-पक्ष्यांची नोंदणी आणि ना-हरकत त्यांच्याकडची.
- सीमाशुल्क: हवाई मार्गाने आलं तर सहार, जहाजाने आलं तर न्हावा शेवा.

आणि सीएचए, म्हणजे सीमाशुल्कातून माल सोडवून देणारा दलाल. आता कागदोपत्री 'कस्टम्स ब्रोकर' म्हणतात, पण सहारला सगळे सीएचएच म्हणतात. निवडताना एकच प्रश्न विचारा: "गेल्या वर्षात जिवंत झाडांच्या किती पेट्या सोडवल्यात?" मोटारीचे सुटे भाग सोडवणारा माणूस कितीही हुशार असो, रोपांच्या पेटीपाशी तो चाचपडतो, आणि तेवढ्या वेळात तुमचं डेमरेज, म्हणजे माल गोदामात पडून राहिल्याचं भाडं, चढतं.

४. कागदांची पिशवी

झाडांसाठी आमच्या फाइलमध्ये हे असतं:

- वनस्पती संगरोधाचा आयात परवाना (शिवडी)
- निर्यात करणाऱ्या देशाचं फायटो, म्हणजे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र
- त्या देशाचा साइट्स निर्यात परवाना, मूळ प्रत
- परिशिष्ट १ असेल तर भारताचा साइट्स आयात परवाना, तोही आधी
- इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट, प्रत्येक जात वेगळ्या ओळीत
- एअरवे बिल, म्हणजे विमानाने पाठवलेल्या मालाची पावती
- आयईसी, म्हणजे आयातदार-निर्यातदाराचा क्रमांक, आणि केवायसी (आम्ही नर्सरीच्या नावाने आणतो)
- लागू असल्यास डीजीएफटीचा परवाना

थायलंडची एक सोय आहे. तिथे वनस्पतींचा साइट्स परवाना आणि फायटो दोन्ही कृषी विभागच देतो. त्यामुळे दोन्ही कागदांवरची नावं जुळवून मागणं विक्रेत्याला अवघड नसतं. आपण मागायला हवं, इतकंच.

शिवडीच्या परवान्याआधी एक अडथळा येऊ शकतो. वनस्पती संगरोध आदेश, २००३ च्या याद्यांमध्ये तुमचं झाड त्या देशातून येणारं म्हणून नोंदलेलं नसेल, तर आधी कीड-जोखीम विश्लेषण लागतं. ते आठवड्याभरात होणारं काम नाही. अशा वेळी झाडावरचं मन काढून घ्या आणि यादीतलं दुसरं बघा.

परवान्यावर 'आयातीनंतरचा संगरोध' ही अट असू शकते. म्हणजे रोपं ठरावीक काळ मान्य केलेल्या जागेत वेगळी वाढवायची, तपासनीस येऊन बघणार. फ्लॅटची गॅलरी त्यात बसत नाही. कर्जतची नर्सरी आमच्या उपयोगी पडली ती इथेच. तुमच्याकडे तशी जागा नसेल तर एखाद्या नर्सरीबरोबर मिळून मागवा, किंवा बाटलीतली ऊतिसंवर्धित रोपं घ्या. परिशिष्ट २ मधल्या ऑर्किडची निर्जंतुक बाटलीत, जेलीत वाढवलेली पिल्लं साइट्समधूनही सुटतात. फुलं यायला काही वर्षं लागतात हे खरं, पण छंदच आहे ना.

५. विक्रेत्याला काय सांगायचं

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. मी आता विक्रेत्याला पैसे पाठवायच्या आधी हे लिहून देते, आणि त्याचा 'ओके' आल्याशिवाय पुढे जात नाही:

"कागदावर लिहिलंय त्याच्यापेक्षा एकही रोप जास्त घालू नका. भेट नको. एखादं मेलं तर कमी पाठवा आणि आकडा सगळ्या कागदांवर बदला."

"प्रत्येक रोपाला लेबल. लेबलवरचं नाव आणि परवान्यावरचं नाव अक्षर अन् अक्षर एक."

"माती नको. मुळ्या धुऊन, उघड्या." मातीसकट झाड भारतात येऊच शकत नाही. गवत, पेंढा, भुसा भरून पॅकिंग केलं तरी अडकतं. लाकडी खोकं असेल तर त्यावर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का हवा. आम्ही पुठ्ठ्याचाच खोका मागतो.

"मूळ साइट्स परवाना एअरवे बिलाबरोबर पाऊचमध्ये." आमच्या दुसऱ्या पेटीच्या वेळी विक्रेता तो वेगळ्या कुरियरने पाठवणार होता, 'सुरक्षित राहील' म्हणून. वेळेवर विचारलं म्हणून बरं. पेटी सहारला आणि परवाना वाटेत कुठेतरी, म्हणजे पेटी उन्हात.

"घेणाऱ्याचं नाव सगळीकडे एकच." परवाना माझ्या नावाने आणि इन्व्हॉइस नर्सरीच्या नावाने, ही चूक मी स्वतः केली होती. रवाना व्हायच्या आदल्या दिवशी स्कॅन वाचताना सापडली.

स्कॅन आला की परवान्यावर चार गोष्टी बघा. पहिली, स्रोताचा कोड: लागवडीतल्या झाडाला 'ए', जंगलातल्याला 'डब्ल्यू'. 'डब्ल्यू' दिसला तर थांबा आणि का ते विचारा. प्राण्यांत बंदिवासात जन्मलेल्यांना 'सी' असतो. दुसरी, मुदत: निर्यात परवाना जास्तीत जास्त सहा महिने चालतो, परिशिष्ट १ चा आयात परवाना बारा महिने, आणि माल इथे पोचेपर्यंत तो जिवंत हवा, तिथून निघेपर्यंत नव्हे. तिसरी, खालचा रकाना, जिथे निर्यातीच्या वेळी तिथला अधिकारी प्रत्यक्ष गेलेली संख्या लिहून शिक्का मारतो. हा रकाना स्कॅनमध्ये रिकामा असणार, पण मूळ प्रत हातात आली की भरलेला हवा. चौथी, एका पेटीला एक परवाना. 'मागच्या वेळच्यात दहा शिल्लक आहेत' असं चालत नाही.

६. सहारचा दिवस

उन्हाळा टाळा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. विमान असं धरा की पेटी उतरेल तेव्हा सगळी खाती कामावर असतील. शुक्रवारी रात्री उतरलेली पेटी म्हणजे शनिवार-रविवार जीव टांगणीला. गणपतीच्या आठवड्यात तर मागवूच नका.

सीएचए बिल ऑफ एंट्री, म्हणजे आलेल्या मालाचं सीमाशुल्काला द्यायचं घोषणापत्र, भरतो, कागद वनस्पती संगरोधाकडे जातात, साइट्स असल्याने वन्यजीव ब्युरोकडेही. मग पेटी उघडून तपासणी: कीड, बुरशी, माती, मोजणी. सगळं जुळलं तर संगरोधाचं मुक्तिपत्र, ब्युरोची हरकत नाही, आणि सीमाशुल्काचं 'आऊट ऑफ चार्ज', म्हणजे माल न्यायची परवानगी. तिसऱ्या पेटीला आमचं हे सगळं एका दिवसात झालं.

स्वतः जा. पाण्याचा स्प्रे, कात्री, चिकटपट्टी आणि जास्तीची वर्तमानपत्रं बरोबर ठेवा. तपासणीनंतर रोपं परत बांधायला कुणी बसत नाही. आणि जिभेवर साखर ठेवा. तिथले लोक दिवसभर खोटं बोलणाऱ्यांना बघतात. खरं सांगणारा, फाइल नीट लावून आणणारा त्यांनाही आवडतो.

बॅगेतून आणायचं का? हे मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. बँकॉकमधल्या चातुचाकच्या बाजारात रोप वडापावच्या भावात मिळतं आणि विक्रेता म्हणतो, 'बॅगेत टाका, कुणी बघत नाही.' बघतात. बँकॉकहून येणाऱ्या विमानांकडे मुंबईत विशेष लक्ष असतं, कारण त्याच वाटेने सरडे, साप, माकडाची पिल्लं येत राहतात. रोप जप्त होतंच, वर सीमाशुल्क कायदा आणि वन्यजीव कायदा दोन्ही लागू शकतात.

७. बाहेर पाठवायचं असेल तर

अमेरिकेतल्या भाच्याला तबला पाठवायचाय, हा घरगुती प्रश्न. उजव्या हाताचा तबला बहुतेकदा शिसवाचा असतो, आणि शिसवाचा जवळजवळ अख्खा वंश २०१७ पासून परिशिष्ट २ मध्ये. मात्र २०१९ पासून तयार वाद्यं आणि त्यांचे भाग वगळले आहेत. तेव्हा तबला, सितार चालेल, पण लाकूड काय आहे ते बिलावर लिहून घ्या. शिसवी पेटारा, देव्हारा यांसारख्या तयार वस्तूंना दहा किलोपर्यंतची सूट आहे. व्यापारी माल पाठवणाऱ्यांना हस्तकला निर्यात प्रोत्साहन परिषदेचं 'वृक्ष' प्रमाणपत्र मिळतं, ते काढा.

जुन्या वाद्यावर हस्तिदंताची नक्षी असेल तर त्याला हातच लावू नका. 'आजोबांच्या काळचं आहे' हा कागद नव्हे.

मोरपिसं: नैसर्गिकरीत्या गळलेली देशात विकत मिळतात, म्हणून सूटकेसमध्ये टाकावीशी वाटतात. निर्यात बंद आहे, मोरपिसांच्या वस्तूंचीही. सांबर-चितळाच्या शिंगाचंही तेच. कोकणात उचललेले प्रवाळाचे तुकडे आणि वाळवलेले समुद्रघोडे तर देशातही बाळगता येत नाहीत. दोन्ही अनुसूची १ मध्ये आहेत. त्या अनुसूचीच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे.

औषधी मुळ्यांत सर्पगंधा आणि कोष्ठ या दोन नावांवर लोक अडकतात. जंगलातून गोळा केलेला असा कच्चा माल बाहेर नेता येत नाही. लागवडीचा असेल तर वनखात्याचा लागवडीचा दाखला आणि साइट्स परवाना, दोन्ही. दाखला शेतकऱ्याकडून माल घेतानाच मागा, नंतर तो शेतकरी सापडत नाही.

८. प्राणी-पक्षी

यात मी स्वतः पडलेले नाही, माझ्या भाचीच्या मकाव पोपटामुळे जेवढं करावं लागलं तेवढं सांगते.

परदेशी प्राणी आणायला डीजीएफटीचा परवाना, मुख्य वन्यजीव रक्षकांची ना-हरकत, पशु संगरोधाची परवानगी आणि साइट्स, हे सगळं लागतं. हौसेसाठी एक पक्षी आणायला हा खटाटोप करू नका. इथेच बंदिवासात जन्मलेला, नोंदणी असलेला घ्या.

नोंदणी हा नवा भाग. २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार अनुसूची ४ मधले जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची, शुल्क १,००० रुपये. आधीपासून असलेल्यांना सहा महिन्यांची मुदत होती. नवा घेतलात तर ताब्यात आल्यापासून ३० दिवस. क्रॉफर्ड मार्केटजवळ पक्षी घेताना 'कागद नंतर देतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा. बजरीगर, कॉकटील आणि पीच-फेस्ड लव्हबर्ड साइट्सच्या यादीत नाहीत, त्यांना हे लागू नाही. बाकीचे लव्हबर्ड मात्र यादीत आहेत, आणि दुकानदार सगळ्यांना नुसतं लव्हबर्डच म्हणतात. आपला हिरवा राघू आणि तारा कासव पिंजऱ्यात ठेवणं बेकायदाच, मग ते कितीही वर्षं घरात असोत.

कुत्रा-मांजर यात येत नाही. त्यांचं पशु संगरोधाचं प्रकरण वेगळं आहे.

एक शेवटचं, फायलीबद्दल. पेटी सुटली की कागद फेकू नका. परवाना, बिल ऑफ एंट्री, मुक्तिपत्र, सगळ्याचे दोन संच ठेवा, एक घरी, एक रोपं जिथे आहेत तिथे. कर्जतला गेल्या वर्षी तपासनीस आले तेव्हा मावसभावाने खताच्या पोत्यामागून फाइल काढून दिली. त्यांनी आधी तिच्यावरची माती झटकली, मग लेबलं मोजायला घेतली.